मशीनच्या पाठीवरचा आकडा

पुतणीचं ते पत्र मी दारातच उभ्याने वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं, आणि त्याला उत्तर दिलं नाही.

एरवी असं होत नाही. तिचं पत्र आलं की दोन दिवसांत माझं उत्तर जातं. मला फोनवर बोलणं जमत नाही. कान बरे आहेत, पण समोरचा माणूस दिसत नसला की जीभ टाळूला चिकटते. हे तिला लहानपणापासून ठाऊक आहे, म्हणून ती लिहिते. एका संग्रहालयात जुन्या, फाटक्या पुस्तकांची डागडुजी करण्याचं काम ती करते. आमच्या पत्रांत बहुतेक पुस्तकंच असतात. कुठली पानं वाळवीने खाल्ली, कुठल्या पुठ्ठ्याला कोणती खळ चालते, मी सध्या काय वाचतोय. अशी पत्रं लिहायला सोपी जातात. त्यांत काय वगळलं आहे ते दिसत नाही.

या पत्रात मात्र पुस्तकं नव्हती. ती राहते तिथली शेजारची खोली रिकामी झाली होती. ती घेणार की नाही हे तिला महिनाअखेरीपर्यंत घरमालकिणीला सांगायचं होतं. खोलीला पूर्वेकडे खिडकी आहे, तिने लिहिलं होतं, आणि तुमची पुस्तकं मावतील एवढं कपाट आहे. काका, तुम्ही माझ्याकडे राहायला या, कायमचे. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा, मला राग येणार नाही. पण कारण लिहा. पुस्तकांविषयी लिहून वेळ मारून नेऊ नका.

कारण पलीकडच्या खोलीत खोकत होतं, आणि ते तिला कळवायचं नाही असा मी शब्द दिला होता.

कारण म्हणजे तिचे वडील, माझा मोठा भाऊ, दादा. त्याची फुप्फुसं थकली होती. दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी त्याला प्राणवायूचं मशीन लावायला सांगितलं. चाकांवरची, मांडीएवढ्या उंचीची एक पेटी. ती खोलीतली हवा ओढून घेते, त्यातला प्राणवायू वेगळा काढते आणि एका बारीक नळीतून नाकात सोडते. रात्रंदिवस गुरगुरते. विजेवर चालते, आणि आमच्या भागात वीज मनाला येईल तेव्हा जाते.

मशीन घरात आलं त्या दिवशी ते बसवणारा माणूस जिना उतरेपर्यंत दादा गप्प होता. मग म्हणाला, "ठिणगीला कळवायचं नाही. शब्द दे."

ठिणगी म्हणजे त्याची मुलगी. लहानपणी तिने मीटरच्या पेटीतल्या दोन तारा एकमेकींना लावून घरभर अंधार केला होता, तेव्हापासून हे नाव. वहिनी गेली त्या आठवड्यात बापलेकीचं वाजलं. तिला आईला मोठ्या इस्पितळात हलवायचं होतं, दादाने हलवू दिलं नाही. नंतर ती जे बोलली ते मी लिहीत नाही. ती निघून गेली, आणि मी मधल्या मध्ये पत्रं लिहीत राहिलो. आता नाकात नळी घालून बसलेला बाप तिने पाहावा, हे दादाला मरणाहून वाईट वाटत होतं. मी शब्द दिला. मला नाही म्हणता येत नाही, हे माझ्याविषयी पुष्कळांना माहीत आहे.

वीज जाते म्हणून आम्ही इन्व्हर्टर घेतला. बॅटरी बारा व्होल्टची, दीडशे ॲम्पिअर-तासांची. शिवाय कोपऱ्यात प्राणवायूचं एक लहान सिलिंडर. त्याची चावी पान्याने फिरवावी लागते, आणि दादाच्या बोटांत तेवढी ताकद उरली नाही. याचा अर्थ साधा होता. वीज गेली की मशीन बॅटरीवर चालेल. बॅटरी संपायच्या आत मी घरी असलो पाहिजे.

मग प्रश्न असा की बॅटरी किती वेळ पुरते.

हा हिशेब मी केला. माझं आयुष्य एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलं. शाळेचं विज्ञानाचं पुस्तक दर आवृत्तीला माझ्याच टेबलावर यायचं. व्होल्टेजला विद्युतधारेने भागलं की रोध मिळतो, आणि त्यांचा गुणाकार केला की शक्ती, हे मी इतक्यांदा वाचलं होतं की त्या पानावर शाई कुठे फिकट उमटते तेसुद्धा सांगितलं असतं. वापरायची वेळ मात्र कधी आली नव्हती.

दादाचा पेशा वेगळा. तो वीज कंपनीत मीटर तपासणारा होता. लोकांच्या घरी जाऊन मीटर खरं बोलतं की खोटं, ते पाहायचा. तो मला पंडित म्हणतो. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला इतक्या वर्षांत नीट कळलेलं नाही. मी हिशेबाला बसतोय म्हटल्यावर त्याला उत्साह आला. आधी विजेच्या किटलीवर हात बसव, म्हणाला. त्याने पलंगावरूनच ॲमीटर जोडून दिला, किटली लावली आणि काटा वाचायला सांगितला. साडेसहा ॲम्पिअर. घरातलं व्होल्टेज दोनशे तीस. भागाकार केला तर रोध पस्तीस ओहमच्या थोडा वर, गुणाकार केला तर शक्ती चौदाशे पंच्याण्णव वॅट. किटलीच्या बुडाला छापलेलं होतं: पंधराशे वॅट. मला लहान मुलासारखा आनंद झाला. छापलेलं आणि मोजलेलं जुळलं होतं.

"पास," दादा म्हणाला. "आता ही किटली इन्व्हर्टरवर लावायची नाही. बॅटरीचा जीव घेईल."

मशीनचा हिशेब मी दुसऱ्या दिवशी केला. ॲमीटर पुन्हा जोडावा असं मला सुचलंही नाही. मशीनच्या पाठीवर लहानशी पाटी होती आणि तीवर स्वच्छ छापलं होतं: दोनशे तीस व्होल्ट, दोन पूर्णांक चार ॲम्पिअर. गुणाकार पाचशे बावन्न वॅट. बॅटरीत बारा गुणिले दीडशे, म्हणजे अठराशे वॅट-तास. बॅटरी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका असं दुकानदाराने बजावलं होतं, म्हणून हाताशी नऊशे. नऊशे भागिले पाचशे बावन्न. दीड तासाहून थोडं जास्त. मी दीडच धरला.

कागद दादाला दाखवला. त्याने तो बराच वेळ हातात धरला.

"बरोबर आहे?" मी विचारलं.

"बरोबर आहे," तो म्हणाला, आणि कागद परत दिला.

त्या दिवसापासून माझं जग दीड तासाचं झालं. जाणं पाऊण तास, येणं पाऊण तास, त्यात रांगा. भाजी, औषधं, दवाखान्यात रिपोर्ट दाखवणं एवढं त्यात बसत होतं. वाचनालय बसत नव्हतं. बसने जायलाच पाऊण तास लागायचा. ग्रंथपालबाईंनी दोनदा निरोप पाठवला की तुमची खुर्ची धूळ खातेय. मी काहीतरी कळवलं. न्हावीसुद्धा जवळचा धरला, तो कानावरचे केस राहू देतो. रस्त्यात कुणी ओळखीचं भेटलं की माझा डोळा घड्याळाकडे जायचा आणि समोरच्याला वाटायचं मी कंटाळलोय. एकदा गाडी अडकली तर मी उतरून पळत घरी आलो, या वयात. दादा आरामात वर्तमानपत्र वाचत बसला होता. वीज गेलेलीच नव्हती.

मला सवय झाली, असं मी म्हटलं असतं. पण पत्र आल्यावर कळलं की सवय झालेली नाही. मी रोज रात्री मनातल्या मनात उत्तर लिहीत होतो. येतो, असं लिहिलं तर दादाचं काय? येत नाही, असं लिहिलं तर का येत नाही? सगळं खरं लिहिलं तर शब्द मोडला. खोटं लिहावं तर तिने तीही वाट बंद करून ठेवली होती. महिना सरत आला आणि मी कोरा कागद काढून पुन्हा ठेवून देत होतो.

सोमवारी इमारतीच्या फाटकावर वीज कंपनीची सूचना लागली. गुरुवारी सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत पुरवठा बंद, तारा बदलायच्या आहेत. खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई ती मोठ्याने वाचत होती. चार तास इस्त्री नाही, म्हणाली, गिऱ्हाइकांनी सुरकुतलेलंच घालावं आणि फॅशन आहे म्हणून सांगावं. मी हसलो की नाही, आठवत नाही. मी हिशेब करत होतो. बॅटरीचा दीड तास. सिलिंडरचा फार तर दीड. तीन. चारला एक तास कमी. सिलिंडरवाल्याची गाडी शुक्रवारीच येते, त्याला फोन करायचं धाडस मी केलं, तर त्याने शुक्रवारीच येईल असं सांगितलं.

मशीन थांबलं तर माणूस लगेच जातो असं नाही. पण एकदा नळी मुडपून पाच मिनिटं हवा अडली होती, तेव्हा दादाचे ओठ मी पाहिले आहेत. त्याचा चेहरा इतका घाबरलेला मी आधी कधी पाहिला नव्हता.

संध्याकाळी चहा देताना मी त्याला सांगितलं की गुरुवारी सकाळीच आपण इस्पितळात जाऊ. चार तास तिथे बसू, परत येऊ.

तो नाही म्हणाला. इस्पितळ हा शब्द या घरात कुणी उच्चारत नाही, मीही सहसा नाही. माझा तोल थोडा गेला असावा. मी म्हणालो, मग मी ठिणगीला बोलावतो. तिच्याकडे संग्रहालयाची सामानाची गाडी असते, ती भाड्याचं सिलिंडर कुठूनही आणेल, आणि तुला शिव्या घालत का होईना, वाचवेल.

दादाने कप खाली ठेवला.

"कशाला बोलावतोस," तो म्हणाला. "दोनपर्यंत चालतं ते."

"काय चालतं?"

"बॅटरी."

"दीड तास चालते. मी हिशेब दाखवला होता तुला. बरोबर आहे म्हणालास."

"गुणाकार बरोबर होता," दादा म्हणाला. तो माझ्याकडे पाहत नव्हता. "पलंगाखालची पेटी ओढ."

पेटीत त्याचा ॲमीटर होता, कातडी पिशवीतला. त्याला हात लावायची मला आजवर परवानगी नव्हती. किटलीच्या दिवशीसुद्धा त्याने स्वतःच जोडला होता. आता त्याच्या बोटांना बारीक काम होत नव्हतं, म्हणून तो सांगत गेला आणि मी करत गेलो. आधी सिलिंडर उघडून नळी त्यावर घेतली. मशीन बंद केलं, प्लग भिंतीतून काढला. एक जादा वायरचा बोर्ड घेऊन त्यातली एकच तार सोडवली. त्या दोन टोकांच्या मध्ये मीटर. पाण्याच्या नळावर मीटर बसवतात तसं, दादा म्हणाला, सगळं पाणी त्यातूनच गेलं पाहिजे. त्याने तीनदा मला स्क्रू पुन्हा आवळायला लावले आणि एकदा गाढव म्हणाला, पण हळू आवाजात.

मशीन सुरू केलं. काटा एका झटक्यात टोकापर्यंत धावला. मला वाटलं मी काहीतरी जाळलं.

"थांब," दादा म्हणाला. "मोटर उठताना अशीच करते."

काटा मागे आला, थोडा हलला आणि बसला. मी वाकून वाचला, चष्मा वर करून वाचला. एक पूर्णांक तीन.

मी पाटीवरचा आकडा पुन्हा पाहिला. तो तिथेच होता, स्वच्छ छापलेला, दोन पूर्णांक चार.

"कंपनी जास्तीत जास्त छापते," दादा म्हणाला. "कधीकाळी, फार तर एवढं घेईल, म्हणून. रोजचं नाही छापत. किटलीत नुसती तार तापते, तिचं लिहिलेलं नि घेतलेलं सारखंच असतं. मोटरचं तसं नाही."

मी कागद घेतला. दोनशे तीस गुणिले एक पूर्णांक तीन. दोनशे नव्व्याण्णव. सवयीने भागाकारही करायला घेतला तर तो म्हणाला, रोध राहू दे, तो किटलीला विचारायचा, मोटरला नाही. आणि मोटर आहे म्हणून खरे वॅट याहूनही थोडे कमीच धर. नऊशे भागिले दोनशे नव्व्याण्णव. तीन तास. तेसुद्धा दुकानदाराच्या अर्ध्या बॅटरीवर. एखाद्या दिवशी अर्ध्याच्या खाली उतरलो, दादाने सांगितलं, तर बॅटरी मरत नाही, थोडी म्हातारी होते. इन्व्हर्टर खातो तेवढं वजा करूनही चार तास निघत होते.

मी तो कागद हातात घेऊन बसलो. रागावायला मला नेहमी उशीर लागतो.

"तुला हे माहीत होतं," मी शेवटी म्हणालो.

"तीस वर्षं मीटर तपासले. आवाजावरून कळतं."

"पहिल्या दिवसापासून?"

दादाने नळी नाकात नीट बसवली, ती नीटच होती. "हं," म्हणाला.

मी मशीन पुन्हा भिंतीतल्या प्लगवर घेतलं, सिलिंडर बंद केलं, पेटी पलंगाखाली ढकलली. सगळं जागच्या जागी ठेवलं. मग चपला घातल्या. त्याने कुठे निघालास म्हणून विचारलं नाही.

मी बस पकडून वाचनालयात गेलो. दीड वर्षात पहिल्यांदा. ग्रंथपालबाईंनी मला पाहून भुवया उंचावल्या आणि न बोलता माझ्या खुर्चीवरची फाइल उचलली. मी एक पुस्तक उघडलं. माझ्याकडे तीन तास होते, जाऊन येऊन सहज दीड तास वाचता आलं असतं. एक ओळ वाचली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दुसरी वाचली. त्या ओळीचा अर्थ लागला नाही म्हणून पुन्हा पहिलीवर आलो. पायांना घाम सुटला होता. हिशेब मी स्वतः केला होता, काटा स्वतः पाहिला होता, आणि तरी माझं शरीर दीड तासाचंच उरलं होतं. पुस्तक परत केलं. बाई म्हणाल्या, लगेच? मी म्हणालो, घरी काम आहे.

घरी पोहोचलो तेव्हा दादा जागा होता. तो घड्याळाकडे पाहत होता.

मंगळवार, बुधवार आम्ही लागेल तेवढंच बोललो. मी चांगला माणूस आहे असं लोक समजतात. त्या दोन दिवसांत मी चहात साखर कमी घातली आणि ते मला ठाऊक होतं.

गुरुवारी दहाच्या ठोक्याला वीज गेली. इन्व्हर्टरने एक टुक आवाज केला आणि मशीनची गुरगुर जराही न तुटता चालू राहिली. मशीन सोडून इन्व्हर्टरवरचं बाकी सगळं मी आधीच बंद केलं होतं. खिडकी उघडून पलंगाशेजारी बसलो. खाली शिंपीणबाईचं शिवणाचं मशीन पायाचं, ते चालूच होतं, आणि ती सुईवरून कुणावर तरी ओरडत होती.

साडेअकरा झाले. माझ्या जुन्या हिशेबाची हद्द. मी इन्व्हर्टरवरच्या हिरव्या दिव्याकडे पाहत होतो. तो हिरवाच राहिला. दादा माझ्याकडे पाहत होता.

"तू वाचनालयात जायचास ना, आधी," तो म्हणाला, "तर सकाळी जाऊन दिवेलागणीला यायचास."

मी म्हणालो, हो.

"एकदा, मशीन नवीन होतं तेव्हा, तू औषधं आणायला गेलास. वीज गेली. बॅटरी होती, सगळं चालू होतं. मला काही होत नव्हतं, पंडित. पण मी त्या दिव्याकडे बघत बसलो. हे घेतं एक पूर्णांक तीन, पुरेल, पुरेल, असं स्वतःला सांगत होतो. तोंडपाठ हिशेब माझा. तरी तू जिना चढेपर्यंत माझ्या अंगाचं पाणी झालं." तो थांबला, त्याला दम लागला होता. "दुसऱ्या दिवशी तू कागद आणलास. दीड तास लिहिलं होतंस. मी म्हटलं, असू दे."

वाचनालयात दुसऱ्या ओळीवर माझं जे झालं होतं ते मला आठवत होतं. त्याला मी ते सांगितलं नाही. राग गेला होता असंही नाही. दीड वर्ष हे दीड वर्षच असतं.

"मी तिला लिहितोय," मी म्हणालो. "सगळं. मशीन, नळी, सगळं. मी शब्द मोडतोय, तुला सांगून मोडतोय."

दादाने डोळे मिटले. मी उठून कागद आणि पेन आणलं, आणि तो काही बोलायच्या आत पलंगाच्या कडेवर पुस्तक ठेवून लिहायला लागलो, कारण उशीर केला असता तर मला जमलं नसतं.

मी लिहिलं की कारण तुझे बाबा आहेत. दीड वर्ष ते प्राणवायूच्या मशीनवर आहेत आणि तुला कळू नये असं त्यांनी सांगितलं होतं. मी येऊ शकत नाही, कारण त्यांना सोडून मला तीन तासांहून लांब जाता येत नाही, आणि तुझं गाव तेवढ्यात जाऊन येण्यासारखं नाही. त्यांनी मला अडकवून ठेवलं, असं मी एक वाक्य लिहिलं, खोडलं, आणि मग पुन्हा लिहिलं, कारण तिने कारण विचारलं होतं. त्याखाली लिहिलं की मीही निघण्याचा फारसा प्रयत्न केला नाही. त्या रिकाम्या खोलीचं काय करायचं ते तू ठरव. आमच्यासाठी अडून राहू नकोस.

एक वाजून गेला होता. दिवा हिरवाच होता.

"वाच," दादा म्हणाला. मला वाटलं होतं तो झोपला आहे.

मी वाचून दाखवलं. अडकवून ठेवलं, हे वाक्य आलं तेव्हा माझी जीभ अडखळली, पण मी ते गाळलं नाही. तो डोळे मिटून ऐकत होता. शेवटपर्यंत ऐकलं. मी कागदाची घडी घालायला घेतली.

"मशीन किती घेतं ते लिही," तो म्हणाला. "एक पूर्णांक तीन. नाहीतर आल्यावर ती पाटी वाचेल आणि घर डोक्यावर घेईल. वाचण्याच्या बाबतीत ती तुझ्यावर गेलीय."

मी लिहिलं.

"आणि विचार," त्याला मध्येच खोकला आला, मी पाणी दिलं. "त्या रिकाम्या खोलीत प्लग कुठे आहे म्हणावं. साधा पाच ॲम्पिअरचा चालेल. पण अर्थिंग आहे का बघ म्हणावं. घरमालक लोक नुसतं भोक ठेवतात, तार नसते आत."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने तोंड भिंतीकडे केलं होतं.

"लिहिलंस?"

"लिहितोय," मी म्हणालो. माझं अक्षर चांगलं आहे असं छापखान्यात म्हणायचे, पण ती ओळ फार वाकडी आली.

दोन वाजले आणि वीज आली नाही. दिवा हिरव्याचा पिवळा झाला. मी पाना हातात घेऊन सिलिंडरपाशी उभा राहिलो. दादा म्हणाला, बस, अजून आहे तिच्यात. मी बसलो नाही. थोड्या वेळाने खालून शिंपीणबाई कुणाला तरी इस्त्री लाव म्हणाली आणि पाठोपाठ आमचा पंखा फिरायला लागला. तो इन्व्हर्टरवर नव्हता, त्याचं बटण बंद करायचं मी विसरलो होतो. इन्व्हर्टरने टुक केलं. दादाच्या चेहऱ्यावर मला जिंकल्याचा भाव दिसला.

मी पत्ता लिहिला, पाकीट चिकटवलं, तिकीट लावलं. महिना संपायला चार दिवस होते. खाली जाताना शिंपीणबाईला सांगितलं की मी जरा बाहेर जातोय, वर लक्ष असू दे. असं मी तिला आजवर कधी सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, खुशाल जा, म्हाताऱ्याने आवाज दिला तर मी आहे. इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं.

पोस्टाच्या पेटीपाशी मी पाकीट उलटसुलट करून पुन्हा पत्ता तपासला. पत्रातल्या अडकवून ठेवल्याच्या ओळीविषयी मला शंका होती. ती बदलावी का, घरी जाऊन नवीन पाकीट घ्यावं का, असा विचार करत उभा राहिलो. मागे एक बाई पत्रं घेऊन थांबली होती. मी पाकीट आत सोडलं. पडल्याचा आवाज आला नाही. बोटं फटीत घालून चाचपडून पाहिलं, हाताला काही लागलं नाही. मी त्या बाईला वाट करून दिली आणि घराकडे निघालो, जरा लांबच्या रस्त्याने.